बेडकीचा पाला

चंद्रप्रभाची जीभ रोज दुपारी गोड विसरायची, आणि त्याचाच तिला पगार मिळायचा.

हैदराबादेतल्या सरकारी औषध-प्रयोगशाळेत ती १९५४ साली लागली. तुळजापूरच्या शाळेतले मार्तंडराव मास्तर यांची ती एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेलेली. मार्तंडरावांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, तीही अण्णाच म्हणायची. मावशीकडं राहून ती एम.एस्सी. झाली तेव्हा नातलगांनी अण्णांना विचारलं होतं, "आता पुढं काय?" अण्णा म्हणाले होते, "पुढचं तिला विचारा."

प्रयोगशाळेत एका पाल्यावर काम चाललं होतं. हैदराबादच्या बाजारात त्याला गुडमार म्हणत, आपल्याकडं बेडकीचा पाला. झुडपांवर चढणारा साधासा वेल. पण पान चघळलं की बराच वेळ जिभेला गोड म्हणून कळत नाही. साखर वाळूसारखी लागते. वैद्य मंडळी हा पाला मधुमेहाला देत आलेली. मोठ्या साहेबांना दोन गोष्टींचा उलगडा हवा होता. पाल्यानं रक्तातली साखर खरंच उतरते का? आणि उतरत असेल, तर जिभेची गोडी मारणारं द्रव्य आणि साखर उतरवणारं द्रव्य एकच आहे की दोन?

पाला स्पिरिटात उकळून अर्क काढायचा, त्याचे निरनिराळे भाग पाडायचे, एकेक भाग सशांना पाजायचा आणि त्यांच्या कानाच्या शिरेतून रक्त घेऊन साखर मोजायची, असं ते काम होतं. जिभेची परीक्षा मात्र माणसावरच घ्यावी लागे. ससा काय सांगणार?

चंद्रप्रभाच्या जोडीला राघवेंद्र होता. उमरग्याच्या पलीकडं, कोसा-दोन कोसांवर त्याचं गाव. घरात कानडी, पण शाळा उमरग्यात झाल्यामुळं मराठी चांगली. फक्त घाई झाली की 'तो वाटी' आणि 'ती चमचा' व्हायचं. चंद्रप्रभा हसायची, मग तो मुद्दाम आणखी दोन चुका करायचा.

दुपारी चहा झाला की तो म्हणायचा, "डोळे मिटा, बाई."

आधी अर्काचे थेंब जिभेवर घोळवायचे, चूळ भरायची. मग तो चमच्याच्या टोकावर कधी साखर, कधी मीठ, कधी खडूची पूड ठेवायचा आणि तिनं चव सांगायची. बहुतेक वेळा साखर आणि खडू यांतला फरक तिला सांगता यायचा नाही. एके दिवशी अर्काचा नवा भाग आला. तिनं तो जिभेवर घेतला, डोळे मिटले आणि चमचा ओठाला लागताच म्हणाली, "गोड."

"पुन्हा बघा."

"गोडच. लई गोड!" आणि तुळजापूरची बोली अशी नकळत तोंडातून गेल्याचं तिला हसू आलं. तिनं डोळे उघडले तेव्हा राघवेंद्र चमचा हातात धरून उभा होता. ह्या भागानं गोडी मारली नव्हती, पण ती नोंद करायची सोडून तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

त्या दिवसापासून दोघंही एकमेकांशी जरा जपून बोलू लागले.

पंचावन्नच्या हिवाळ्यात पाला गोळा करायला दोघांना येडशीच्या रामलिंगच्या रानात पाठवलं. जंगलखात्याचा एक शिपाई बरोबर होता. दिवसभर काट्याकुट्यांतून हिंडून पोती भरली आणि परतताना मुक्काम तुळजापूरला अण्णांकडं पडला. अण्णांना वर्षापूर्वीच मधुमेह निघाला होता. गावातले डॉक्टर रोज सकाळी इन्सुलिनची सुई देऊन जात. गोडाचे अण्णा भलते शौकीन. मुलीचा हा पाला काय आहे ते स्वतः बघायचं म्हणून त्यांनी दोन पानं चघळली आणि देवीच्या प्रसादाच्या पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"प्रभा, हे काय केलंस गं!" त्यांनी तोंड वाकडं केलं. "तीस वर्षं हाताला लागला तो खडू आज तोंडात आला!"

राघवेंद्र इतका हसला की त्याला ठसका लागला. मग दोघं बराच वेळ कानडीत बोलत बसले. अण्णांना कानडी येते हे चंद्रप्रभाला तोवर नीटसं ठाऊकच नव्हतं.

सकाळी मोटारीपाशी पोती चढवली जात असताना अण्णा तिला हळूच म्हणाले, "चांगला आहे हो."

"कोण?"

"पाला," अण्णा म्हणाले. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला, कानडी मुलूख म्हैसुरात, तेलुगू मुलूख आंध्रात. तुळजापुरात लोक आनंदले होते, अण्णांनी शाळेत मुलांना पेढे वाटले. चंद्रप्रभालाही आनंद व्हायला हवा होता. पण प्रयोगशाळेत बदल्यांचे हुकूम आले. तिची नेमणूक उस्मानाबादच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला, राघवेंद्रची बंगळूरला. ससे हैदराबादेतच राहिले. पाल्याचं काम तूर्त थांबवावं, असं साहेबांनी सांगितलं. ते सांगतानाही त्यांना वाईट वाटत होतं.

शेवटच्या दिवशी दोघं काचेची भांडी धुऊन गवतात गुंडाळून ठेवत होते. राघवेंद्र भांड्याकडं बघतच म्हणाला, "बंगळूरची प्रयोगशाळा मोठी आहे म्हणतात. काम मी तिथं चालू करणार. एखादी जागा निघाली तर... तुमचं नाव सांगू का?"

तो फक्त जागेचं विचारत नाही हे तिला कळलं. हातातला फडका तिनं उगाच पुन्हा पिळला.

"अण्णांना रोज सुई द्यावी लागते, राघवेंद्रराव. तिथले डॉक्टर बदलून गेले. आता मीच देणार."

"अण्णांनाही घेऊन या."

"ते ह्या वयात कुठं येतात? माणसं तिथं, देवी तिथं."

"मग मी..." तो म्हणाला आणि थांबला. त्याच्याही घरी आई होती, धाकटे भाऊ होते. ते वाक्य तसंच राहिलं. भांडी सगळी गुंडाळून झाली होती.

उस्मानाबादला, लोक बोलताना धाराशिवच म्हणत, तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अण्णा निवृत्त झाले आणि तिच्याकडं राहायला आले. इन्सुलिनची बाटली सोलापूरहून यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून ती तिला मडक्यात ठेवायची. रोज सकाळी सुई उकळायची, अण्णा डोळे गच्च मिटून दंड पुढं करायचे, आणि मग ती दवाखान्यात जायची.

दवाखान्यातली तिची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. थुंकी, लघवी, हिवतापाचं रक्त. नळीतल्या निळ्या द्रावात लघवीचे थेंब टाकून तो दिव्यावर तापवायचा. साखर नसेल तर तो निळाच राहायचा, असेल तर हिरवा, पिवळा, विटकरी होत जायचा. काम वाईट नव्हतं. माणसं तिला 'डाक्टरीणबाई' म्हणायची, खेड्यातून आलेल्या बाया घरच्या गोष्टी सांगत बसायच्या. पण इथं जे विचारायचं त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असं काही तिच्या हातात उरलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भूक लागायची. दुपारी चहा झाला की तिची जीभ आपोआप कसली तरी वाट बघायची. कधी कधी ती डोळे मिटून बसायची. मग शिपाई म्हणायचा, "झोप आली काय, बाई?"

राघवेंद्रची पत्रं यायची. बंगळूरला त्यानं साहेबांना पटवून पाल्याचं काम सुरू केलं होतं. पत्रात सशांची हकीकत, अर्काची हकीकत आणि शेवटी 'ती. अण्णांस नमस्कार'. चंद्रप्रभा ती पत्रं जेवताना अण्णांना वाचून दाखवायची. हिवाळ्यात एखाद्या रविवारी रामलिंगला जाऊन ती पाला आणायची, सावलीत वाळवायची आणि बंगळूरला पार्सल करायची. थोडा घरातल्या डब्यात राहायचा. त्याचा वास यावा म्हणून ती झाकण उघडायची आणि लावायची.

एकोणसाठ साली एका पत्रात त्यानं लिहिलं, जागा निघाली आहे, तुम्ही अर्ज केलात तर साहेब नाही म्हणणार नाहीत. तिनं तेही तसंच वाचून दाखवलं.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय? नाही म्हणून कळवते."

"का?"

"भाकरी निवतेय, अण्णा."

अण्णांनी मान खाली घालून भाकरी मोडली.

दिवाळीनंतर तिला हिवतापाच्या कामाच्या शिक्षणासाठी आठवडाभर औरंगाबादला जायचा हुकूम आला. दवाखान्यातले कंपाउंडर बंडप्पा यांनी रोज सकाळी येऊन अण्णांना सुई द्यायची असं ठरलं. शेजारच्या गिरिजाबाई जेवण देणार होत्या. सगळं नीट लावून ती गेली.

परत आली तेव्हा गिरिजाबाई दारातच उभ्या होत्या.

"बरं झालं बाई आलीस. अण्णांचं काय खरं न्हाय. कालपासून नुसतं पानी पानी करतेत. अन्नाला शिवलं न्हाईत. म्या म्हनलं डाक्टरला बलिवते, तर म्हनले, प्रभा येईस्तवर कुनाला बलवायचं न्हाय."

अण्णा खाटेवर पडले होते. जीभ कोरडी, श्वास खोल आणि भराभर, आणि त्या श्वासाला सडक्या फळाचा वास. साखर फार चढली की येणारा तो वास तिला पुस्तकातून माहीत होता. मडक्यात बाटली जशीच्या तशी होती. उशाशी बेडकीच्या पाल्याचा डबा होता, तळ दिसेपर्यंत रिकामा.

ती दारातून ओरडली. गिरिजाबाईंच्या मुलानं टांगा आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी लावलं, इन्सुलिन दिलं. लघवी तिनं स्वतःच तपासली. नळी दिव्यावर धरते न धरते तोच द्राव विटेसारखा लाल झाला.

बंडप्पा व्हरांड्यात उभे राहून रडवेले झाले होते. "बाई, म्या पैल्याच दिवशी गेल्तो. मास्तर म्हनले, प्रभानं दुसरा इंतजाम केलाय, तुमी येऊ नका. मास्तर खोटं बोलतील असं कसं वाटंल, सांगा."

"तुमचं काही चुकलं नाही, बंडप्पा," ती म्हणाली.

अण्णा दोन दिवसांनी नीट शुद्धीवर आले. तिला खाटेशी बघून त्यांनी आधी डोळे मिटून घेतले, वर्गात चूक सापडलेल्या पोरासारखे.

"का केलंत असं?"

"तुझ्या पाल्यावर माझा विश्वास होता."

"माझाच नव्हता तेवढा! पाल्यानं साखर थोडीशी उतरते, अण्णा, तीही सशांची. सुईची जागा तो घेत नाही. मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस." अण्णांचा आवाज अगदी बारीक होता. "मला वाटलं, तू येशील तेव्हा मी असा ताजातवाना उठून बसलेला असेन. म्हणेन, बघ, सुई नको का काही नको. जा बंगळूरला. एका सुईपायी तू इथं अडकून पडलीस, प्रभा. रोज तू तो डबा उघडून वास घेतेस, ते मला दिसत नाही का?"

खाटेच्या कडेवर कपाळ टेकून चंद्रप्रभा रडली. अण्णांनी सुई लावलेला हात हलू न देता दुसऱ्या हातानं तिचे केस सारखे केले.

घरी आल्यावर तिनं अण्णांसमोर एक मोसंबं, सुई आणि पाण्याची बाटली ठेवली.

"हे काय?"

"अडकायचं नसेल तर दोघांनीही अडकायचं नाही. स्वतः टोचायला शिका."

अण्णांना सुईची जन्माची भीती. पहिले काही दिवस मोसंब्याला टोचतानाही ते डोळे मिटायचे आणि सुई भलतीकडं जायची. ती म्हणायची, "मास्तर, फळ्याकडं लक्ष." मग ते स्वतःच्या मांडीवर शिकले. दोनदा त्यांनी सुई खाली टाकली आणि देवीचं नाव घेऊन पुन्हा उकळायला ठेवली. माघ संपता संपता ते स्वतःची सुई स्वतः घेऊ लागले. त्या दिवशी गिरिजाबाईंच्या घरी त्यांनी स्वतः जाऊन ही बातमी सांगितली.

तिनं बंगळूरला पत्र लिहिलं होतं, ती जागा अजून आहे का म्हणून. उत्तरात राघवेंद्रनं जागेबद्दल काहीच लिहिलं नाही. होळीला गावी येतो आहे, उमरग्याला भेटता येईल का, एवढंच विचारलं.

"जा," अण्णा म्हणाले. "माझी काळजी करू नकोस. मी पास झालोय."

उमरग्याला हमरस्त्यावरच्या हॉटेलात तो तिच्या आधी येऊन बसला होता. सोलापूर-हैदराबादचे ट्रक धूळ उडवत जात होते. तो वाळला होता आणि कानापाशी केस पांढरे झाले होते. तीन-साडेतीन वर्षांत दोघं पहिल्यांदाच भेटत होते. आधी अण्णांची चौकशी झाली, मग चहा आला.

"ती जागा गेली, बाई," तो म्हणाला. "संक्रांतीलाच भरली."

"असू दे."

त्यानं कपबशी इकडची तिकडं केली. "आणि वैशाखात माझं लग्न आहे. आईनं गुलबर्ग्याची मुलगी बघितली. घरी मी थांबा, थांबा म्हणत होतो. शेवटी आई आजारी पडली. मग नाही म्हणता आलं नाही."

चंद्रप्रभाला वाटलं होतं त्यापेक्षा हे ऐकणं सोपं गेलं, आणि मग लगेच फार कठीण गेलं. ती म्हणाली, "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

"विचारलं होतं. भांडी धुताना. तुम्हांला कळलं होतं."

"कळलं होतं," ती म्हणाली.

बाहेर एका ट्रकचा भोंगा वाजत राहिला. तो थांबल्यावर राघवेंद्रनं पिशवीतून बोटाएवढ्या दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत पांढुरकी पूड होती, दुसरीत तपकिरी.

"भाग वेगळे निघाले," तो म्हणाला. "पूर्ण नाही, पण पुष्कळ. हा पांढरा गोडी मारतो, रक्तातल्या साखरेवर ह्याचा असर फार कमी. तो तपकिरी साखर उतरवतो. जिभेला काहीच करत नाही. हे कुणाला सांगायच्या आधी तुम्हांला सांगायचं होतं."

तिनं तपकिरी बाटली उचलून उजेडात धरली. क्षणभर तिला लग्न, जागा, काहीच आठवेना.

"कशानं वेगळे केले? स्पिरिटात पाणी किती होतं?"

त्यानं सांगितलं. तिनं आम्लाचं विचारलं. त्यानं टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून आकृती काढली. ती म्हणाली, असं नाही, आधी हे गाळून घेतलं असतं तर? तो थबकला, आकृती पुसली, नवी काढली. हॉटेलवाल्यानं न मागता दुसरा चहा आणून ठेवला. उस्मानाबादची एक गाडी गेली. इतकं सलग, इतकं मोकळं ती कितीतरी दिवसांत कुणाशी बोलली नव्हती. बोलता बोलता तिला कळत होतं की हे आता संपणार आहे, आणि म्हणून ती आणखी एक प्रश्न विचारत होती, मग आणखी एक.

दुसरी गाडी आली तेव्हा तो तिला बसवायला आला.

"हे काम तुम्ही सोडू नका, बाई."

"मी सोडलं नव्हतं. मला फक्त जागा नव्हती." तिनं खिडकीतून हात जोडले. "आईंना सांगा, लग्नाला माझ्या शुभेच्छा आणि अण्णांचा आशीर्वाद."

नळदुर्ग येईपर्यंत ती पदर तोंडाशी धरून रडली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन गेलं गं लेकी?" तिनं मान हलवली. कुणी गेलं नव्हतं. ज्याला जायचं होतं तो कधीच गेला होता.

घरी तिनं अण्णांना सगळं सांगितलं, लग्नाचंही. अण्णा म्हणाले, "बंगळूर नाही तर नाही. औरंगाबादला आता विद्यापीठ निघालंय. तिथं ससे चालत नाहीत का?"

जूनमध्ये ती औरंगाबादच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. पगार दवाखान्यापेक्षा कमी होता. प्राध्यापकांनी तिला कोपऱ्यातलं एक टेबल दिलं आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर हवं ते करा म्हणाले. अण्णा तुळजापूरला परतले. त्यांची जुनी विद्यार्थिनी विमल शेजारीच राहत होती, ती येऊन-जाऊन बघायची. तिच्या सांगण्यावरून कळायचं की अण्णा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सुई कशी घ्यावी ते शिकवतात.

काम हळू चालायचं. नळाला पाणी कधी असायचं, कधी नसायचं. दोन पावसाळे गेले. उमरग्याला ती म्हणाली होती तसं आधी गाळून घेतलं, तेव्हा तपकिरी पूड अधिक स्वच्छ निघाली, आणि ती पाजलेल्या सशांची साखर उतरली. थोडीच, पण प्रत्येक वेळी.

त्या संध्याकाळी तिनं खोलीवर येऊन बंगळूरला पत्र लिहिलं. स्पिरिट किती, पाणी किती, उष्णता किती, सशांची साखर किती उतरली. पत्र सगळं कामाचं होतं. शेवटी घरच्या मंडळींना नमस्कार लिहून तिनं सही केली. सहीखाली कागद बराच कोरा उरला होता. ती टाक हातात धरून त्याच्याकडं बघत बसली. खाली रस्त्यावर टांगे जात होते, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. मग तिनं कागदाची घडी केली, पाकिटावर पत्ता लिहिला आणि टपाल निघायच्या आत पोहोचावं म्हणून चप्पल घातली.